मुखा आणि ‘कॅलेंडरवाला’: होऊन जाऊ द्या चर्चा

रेघोट्या
काल ‘स्पष्टवक्ता’ यांनी लिहिलं की पॅरिसमध्ये पोस्टरांनी गाजलेला चेक अल्फोन्स मुखा हा चित्रकार नव्हेच, नशिबानं वर आलेला कॅलेंडरवाला. जन्मभर एकच बाई वेगवेगळ्या फुलांत बसवली आणि खिसा भरल्यावर देशभक्तीचे पडदे रंगवले. तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

नशीब म्हणे! सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीच्या ‘गिस्मोंदा’ नाटकाचं पोस्टर १८९५ च्या १ जानेवारीला पॅरिसच्या भिंतींवर लागलं तेव्हा हा गृहस्थ चौतीस वर्षांचा होता. प्रागच्या अकादमीनं प्रवेश नाकारलेला. व्हिएन्नाला नाटकांचे पडदे रंगवायचा, तर १८८१ मध्ये रिंग थिएटर जळालं आणि तीही नोकरी गेली. पुढे पॅरिसमध्ये मासिकांना चित्रं पुरवून कसंबसं भागवत होता. नाताळात या पोस्टरचं काम आलं तेव्हा बाकीचे चित्रकार सुट्टीवर आणि हा तेवढा छापखान्यात हजर, एवढंच काय ते नशीब. बाकी दोन मीटरहून उंच, चिंचोळं पोस्टर, हातात झावळी धरलेली बाई, डोक्यामागे कमान, सगळे रंग दबके. हे रस्त्यावरच्या भडक जाहिरातींच्या गर्दीत लावायचं धाडस लागतं. बर्नहार्टबाईंनी सहा वर्षांचा करार उगाच नाही केला.

स्पष्टवक्ता
ताई, एवढा राग बरा नव्हे. तुमच्याच उत्तरात माझं म्हणणं आलंय. शाँपन्वा छापखान्याशी करार झाल्यावर एकेक चित्र पोस्टर म्हणून, पोस्टकार्ड म्हणून, दिवाणखान्यातल्या पट्ट्या म्हणून विकलं गेलं. ते गाजलेलं राशिचक्राचं चित्र मुळात शाँपन्वाचं कॅलेंडरच होतं! सिगारेटच्या कागदाची जाहिरात, बिस्किटं, शॅम्पेन, सगळीकडे तेच वळसेदार केस. कॅलेंडर काढणाऱ्याला कॅलेंडरवाला म्हटलं तर चुकलं कुठे?

आणि आता आमच्या कॉलनीत मेंदीच्या क्लासपासून ब्यूटी पार्लरपर्यंत प्रत्येक बोर्डावर त्याचीच बाई. वीट आलाय.

शिळाछाप
तुमचं चालू द्या, पण एक विचारतो. छापलं कोणी?

माझे वडील लिथोच्या, म्हणजे दगडी छपाईच्या, खात्यात होते, मी ऑफसेटला जन्म काढला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. तेलकट खडूनं काढायचं, दगड ओला ठेवायचा, शाई फक्त रेघेला धरते. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकावर एक जुळणी, केसभर हललं तरी बाईला दोन नाकं. मुखाचे ते दबके रंग म्हणून ताई हरखल्यात, ते एकावर एक बसवणाऱ्या माणसाचं नाव सांगा बरं कोणी. रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला तोही १८९४ मध्येच, पुढे मळवलीला नेला. घराघरात लक्ष्मी-सरस्वती गेल्या, पण दगडावर त्यांचे डोळे उतरवणारा कोण, हे कोणाच्या भिंतीवर लिहिलेलं नाही.

रेघोट्या
काका, मुद्दा चांगला आहे पण विषय मुखाचा आहे. कल्पना एकाची, मजुरी दुसऱ्याची, हे जगभर असंच चालतं.

शिळाछाप
मजुरी! बाई, तुमच्यासारख्या डिझायनर लोकांना आम्ही बघितलंय. एका लग्नपत्रिकेला एका मॅडमनी अशीच मुखाछाप बॉर्डर आणली, सोनेरी रंग स्क्रीनवर दिसतो तसाच हवा म्हणून हट्ट. रात्रभर मशीनवर उभा राहून शाई जुळवली. पत्रिकेवर ‘संकल्पना’ म्हणून त्यांचं नाव, आणि बिल मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत थकलेलं.

खरा छापील कामातला चेक माणूस हवा तर व्हॉयटेक प्राइसिग घ्या. पॅरिसमध्ये मुखाच्याच हाताखाली काम केलेला. रंगीत एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेघ कोरून केलेली छपाई, कशी करायची यावर १९०९ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. अमेरिकेत शिकवलं, पहिल्या महायुद्धात चेक-स्लोव्हाक सैनिक भरतीची पोस्टरं बॉस्टनमध्ये स्वतः पाडली. चेक अक्षरांवरच्या खुणा नीट बसाव्यात म्हणून स्वतःचा टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा संच, काढला. नाझी आले तेव्हा सत्तरीला टेकलेला म्हातारा चोरून निघणाऱ्या नाझीविरोधी मासिकाची मुखपृष्ठं करत होता. १९४० मध्ये मुलीसकट पकडला. मुलीला १९४२ मध्ये बर्लिनला मारलं, हा १९४४ मध्ये डाखाउच्या छावणीतच वारला. याच्या बाया बोर्डावर नसतात म्हणून याचे धागे निघत नाहीत.

स्पष्टवक्ता
वा काका! माझी बाजू माझ्यापेक्षा तुम्हीच मांडली. देशासाठी काम केलं ते प्राइसिगनं. मुखानं शिकागोच्या क्रेन या लक्षाधीशाच्या पैशावर किल्ल्यात बसून स्लाव्ह लोकांच्या (चेक, पोलिश, रशियन वगैरे) मोठेपणाचे वीस पडदे रंगवले.

रेघोट्या
आणि १९३९ मध्ये गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, मुखाला चौकशीला नेलं ते काय बिस्किटाच्या जाहिरातीसाठी? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, चौकशीनंतर खचला आणि त्याच जुलैत न्यूमोनियानं गेला. चेकोस्लोव्हाकिया या नव्या देशाची पहिली पोस्टाची तिकिटं त्याची, नोटा त्याच्या. जरा वाचत जा.

ब्रनोकर
भांडण वाचून राहवलं नाही. नोकरीनिमित्त चेक देशातल्या ब्रनोला असतो. मोराव्स्की क्रुमलोव्ह इथून तासाभरावर, सध्या ते वीसही कॅनव्हास तिथल्या वाड्यात आहेत. मीही ‘पडदे’च समजून गेलो होतो, बायकोनं ओढत नेलं म्हणून.

पहिला कॅनव्हास साधारण सहा मीटर बाय आठ. निळी चांदणी रात्र, मागे गाव पेटलेलं, लुटारू गुरं हाकून नेतायत. आणि अगदी खाली गवतात पांढऱ्या कपड्यातलं एक जोडपं दडून बसलंय, थेट आपल्याकडे बघतंय. कुठेही सरका, त्यांची नजर सुटत नाही. आता याला मोठेपणा म्हणायचं तर म्हणा, मला त्यात फक्त घाबरलेली माणसं दिसली. १९२८ मध्ये प्राग शहराला भेट दिलेलं हे काम, अट एवढीच की त्यासाठी इमारत बांधा. ती काही झाली नाही. युद्धात गुंडाळून लपवलं, १९६३ पासून क्रुमलोव्हमध्ये, २०१२ ला प्रागनं परत नेलं, मग कोर्टकचेऱ्या, २०२१ पासून पुन्हा क्रुमलोव्ह. आपल्याकडच्या महापालिकांना उगाच नावं ठेवतो आपण.

स्पष्टवक्ता
डोळे छान असतील हो. पण त्याच्याच देशातल्या चित्रकारांनी प्रागच्या ओबेत्सनी दूमचं, म्हणजे नगरभवनाचं, काम त्याला दिलं म्हणून बोंब ठोकली होती, तेही सगळे अडाणीच का? १९२८ पर्यंत जग कुठल्या कुठे गेलं होतं आणि हे साहेब अजून संतमहंत रंगवत होते.

रेघोट्या
पॅरिसमध्ये पैसे कमावले तर बाजारू, देशात परत येऊन जवळपास पंधरा वर्षं एकाच कामात घातली तर जुनाट. तुमच्या लेखी त्यानं नेमकं काय करायला हवं होतं?

स्पष्टवक्ता
बरं बाई, ‘उत्तम कॅलेंडरवाला’ म्हणतो. याहून पुढे सरकणार नाही. ब्रनोकर, त्या जोडप्याचा फोटो टाका, मेंदीच्या क्लासच्या बोर्डावर निदान तो तरी नसेल.

शिळाछाप
फोटो टाकाल तर कुठे छापलेला तेही लिहा. आणि ताई, ‘मजुरी’ मागे घेतलेली दिसली नाही अजून.