डोकुविकीत लांब मराठी नावाचे पान जतन होत नाही

प्रश्न : बागायतदार, तासगाव
नमस्कार. खरड छाटणीपासून (एप्रिलमधील छाटणी) बेदाणा तयार होईपर्यंतच्या नोंदी एका जागी राहाव्यात, म्हणून आमच्या गावातील द्राक्ष बागायतदारांनी भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर डोकुविकी (सर्वांनी मिळून पाने लिहिण्याची संगणकप्रणाली) बसवली आहे. 'भुरी' आणि 'डाऊनी' या रोगांची, तसेच 'बेदाणा शेड' ही पाने व्यवस्थित तयार झाली; परंतु 'ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पंधरा दिवसांतील कामे' हे पान काही केल्या जतन होत नाही. फोल्डरच्या परवानग्या दोनदा तपासल्या, डिस्कवर जागाही भरपूर आहे. एका ज्येष्ठ बागायतदारांनी दीड तास बसून सांगितलेली माहिती त्यामुळे अजून वहीतच आहे. दोष कोठे शोधावा?

उत्तर : वाईकर
परवानग्यांचा दोष असता तर 'भुरी'सुद्धा जतन झाले नसते. डोकुविकी डेटाबेस वापरत नाही. प्रत्येक पान ही साधी मजकूर फाइल असते आणि पानाचे नाव हेच फाइलचे नाव होते. मूळ मांडणीत हे नाव टक्केचिन्हांच्या संकेतात (%E0 अशा तुकड्यांनी) लिहिले जात असल्याने देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, अगदी काना, वेलांटी आणि अनुस्वारही, 9 बाइट घेते. आपल्या शीर्षकात अशी 38 चिन्हे आहेत, म्हणजे 342 बाइट झाले, आणि लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा साधारणतः 255 बाइट असते. पानाच्या जुन्या आवृत्त्यांच्या फाइलींना वेळेचा दहा अंकी आकडाही जोडला जातो, म्हणून 26 चिन्हांपुढे जाऊ नये.

माझ्या मते पानाचे नाव 'छाटणी:ऑक्टोबर' (म्हणजे 'छाटणी' विभागातील 'ऑक्टोबर' पान) ठेवावे, पूर्ण शीर्षक पहिल्या मथळ्यात लिहावे आणि दुव्यांमध्ये पहिला मथळा दाखवण्याची सोय सेटिंगमधून सुरू करावी. मराठी विश्वकोशाचे काम आमच्या वाईतून चालत आले आहे. तेथेही नोंद 'द्राक्ष' एवढ्याच नावाने सापडते, बाकीचे सारे मजकुरात असते.

उत्तर : सर्व्हर सांभाळणारा, सांगली
वरील निदान अचूक आहे. फाइलनावांचा संकेत बदलून यूटीएफ-8 (अक्षरे टक्केचिन्हांविना थेट साठवणारा संकेत) केल्यास प्रत्येक चिन्हाला 3 बाइट पुरतात आणि आपले शीर्षक आहे तसे बसते. मात्र बदलानंतर जुन्या देवनागरी नावांच्या फाइली विकीला सापडत नाहीत, त्यांची नावे हाताने बदलावी लागतात. तसेच झिप करून विंडोजवर नेताना अशी नावे बिघडण्याचा धोका असतो. म्हणून मीही आखूड नावाच्याच बाजूचा आहे. काहीही बदलण्यापूर्वी 'डेटा' (मजकूर) आणि 'कॉन्फ' (सेटिंग) ही दोन्ही फोल्डरे टार करून, म्हणजे एका फाइलीत बांधून, दुसऱ्या यंत्रावर ठेवावीत; डोकुविकीच्या मजकुराचा बॅकअप एवढ्यावर होतो.

प्रश्नकर्ता : बागायतदार, तासगाव
आपणा दोघांचे मनापासून आभार. बॅकअप घेऊन 'छाटणी:ऑक्टोबर' हे पान केले, ते लगेच जतन झाले आणि यादीत पूर्ण शीर्षकही दिसू लागले. 'छाटणी:एप्रिल' हे पानही त्याच पद्धतीने उघडले आहे. वहीतील मजकूर आज रात्रीपासून टंकायला घेत आहे.