१६ फुटी जुन्या होडीसाठी नवे आऊटबोर्ड: ९.९ एचपी की १५?

दिवाळेकर (बेलापूर):
नमस्कार. दिवाळे गावात आमची १६ फुटी फायबरची होडी आहे. वडिलांच्या काळातली ही होडी अजून धडधाकट असली, तरी तिच्यावरचे ८ एचपीचे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन) आता दुरुस्तीपलीकडे गेले आहे. खाऱ्या पाण्याने ब्लॉकमधले पाण्याचे मार्ग खाऊन टाकले असून पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरते आहे, हे मिस्त्रींनी इंजिन उघडून दाखवले. होडीत दोन-तीन माणसे, जाळी आणि बर्फाची पेटी एवढाच भार असतो. जाणे-येणे वाशीच्या पुलांपर्यंत, क्वचित ऐरोलीकडे. उधाणाच्या भरतीत तिकडून परतताना जुने इंजिन जेमतेम पुढे सरकत असे, म्हणून घरात सगळ्यांचे मत १५ एचपीकडे झुकले आहे. दुकानदार मात्र ९.९ एचपीचे फोर-स्ट्रोक सुचवतात. कोणते घ्यावे?

सारसोळे_जेट्टी:
एचपीचा विचार नंतर करा, आधी इंजिन ज्या मागच्या फळीवर बसते ती फळी तपासा. जुन्या फायबर होड्यांत या फळीच्या पोटात प्लायवूड असते आणि बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपून ते आतल्या आत कुजते, वरचे फायबर मात्र चकचकीत दिसत राहते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फळीवर सगळीकडे ठोकून पाहा. निरोगी भाग खणखणीत वाजतो, कुजलेल्या जागी बोदा आवाज येतो. शंका आली तर खालचा एखादा बोल्ट काढा. भोकातून तपकिरी, ओला भुसा निघाला तर नवे इंजिन घेण्याआधी फळीचे काम करावेच लागेल. आपले ८ एचपीचे इंजिन साधारण २७ किलोचे असेल. ९.९ आणि १५ एचपीची टू-स्ट्रोक इंजिने ३५ किलोंच्या पुढे जातात, ९.९ चे फोर-स्ट्रोक ४० किलोंच्या आसपास, तर १५ चे फोर-स्ट्रोक ५० किलोंच्या घरात असते. शिवाय होडी ढकलणारा सगळा जोर याच फळीवर येतो.

दुसरे माप शाफ्टचे, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याचे. फळीच्या वरच्या कडेपासून मध्यरेषेवर सरळ खाली होडीच्या तळापर्यंत मोजा. ते १५ इंचांच्या, म्हणजे ३८ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर शॉर्ट शाफ्ट आणि २० इंचांच्या आसपास असेल तर लाँग शाफ्ट घ्यावा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली आली पाहिजे. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो. फार खाली गेली तर आपल्या खाडीत ओहोटीला गाळ उपसत जावे लागते आणि तोच गाळ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेने आत शिरतो.

चेंदणी_ठाणे:
१५ एचपीमुळे आपली अडचण सुटेल असे मला वाटत नाही. पाणी कापत चालणाऱ्या होडीच्या वेगाला तिची लांबीच मर्यादा घालते. पाण्याला टेकलेली लांबी १५ फूट धरली, तर ही मर्यादा साधारण ५ नॉट (ताशी सुमारे ९ किलोमीटर) येते, आणि त्यापुढे शक्ती वाढवली तरी होडी उचलली जाऊन पाण्यावर घसरू लागेपर्यंत मागचा भाग खाली बसतो आणि पेट्रोल जळते. तिघे जण आणि ओली जाळी घेऊन ही होडी तशी उचलली जाणे मला कठीण दिसते. दोन नॉटच्या प्रवाहाविरुद्ध पाच नॉटने चालणारी होडी तीनच नॉट पुढे सरकणार.

खरा फरक पंख्याने पडतो. इंजिनासोबत येणारा पंखा बहुधा हलक्या, वेगवान होडीच्या हिशेबाने दिलेला असतो. भरलेल्या, संथ होडीला कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा पंखा लावला तर इंजिनाला पूर्ण फेरे घेता येतात आणि प्रवाहाविरुद्ध जोर टिकतो. खरेदी करतानाच तो मागून घ्या.

ऐरोली_सेक्टर:
माझे मत फोर-स्ट्रोकच्या बाजूने आहे. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आत येत असतानाच धूर बाहेर जाण्याची वाट उघडी असते, त्यामुळे काही पेट्रोल आणि ऑइल न जळताच पाण्यात जाते. ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये खाडीला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जाही मिळाला. पण अभयारण्य नसते तरी, ज्या पाण्यातून आपण मासळी काढतो त्यात ऑइल सोडणे मला पटत नाही.

पेट्रोलकडेही लक्ष असू द्या. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर बहुतेक आऊटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, म्हणून टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा आणि जुने रबरी पाइप नव्या इंजिनाला जोडू नका.

दिवाळेकर (बेलापूर):
सर्वांचे मनापासून आभार. माप ३९ सेंटिमीटर आले. फळी उजवीकडे बोदी वाजते आणि खालच्या बोल्टच्या भोकातून ओला भुसा निघाला.

सारसोळे_जेट्टी:
मग क्रम ठरला. आधी आतले प्लायवूड काढून मरीन प्लाय (पाण्यात टिकणारे प्लायवूड) घाला, भोकांच्या कडा रेझिनने बंद करा आणि ते पूर्ण वाळू द्या. त्यानंतर शॉर्ट शाफ्टचे ९.९ फोर-स्ट्रोक, कमी पिचच्या पंख्यासह. नवी फळी ते वजन सहज पेलेल. होडीच्या नोंदणीच्या कागदांवर इंजिनाचा क्रमांक आणि एचपी असेल तर तोही बदलून घ्या. पहिले १० तास इंजिन सलग पूर्ण वेगाने चालवू नका, इंजिन ऑइल पहिल्यांदा २० तासांनी बदला, आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन काही मिनिटे चालवा. जुने इंजिन नेमके याच मिठाने खाल्ले आहे.