चर्चा: प्रशिक्षकपदासाठी मोठा खेळाडू असण्याची अट असावी का?

सीमारेषेपलीकडून (धागालेखक)

फुटबॉलच्या युरोपीय चॅम्पियन्स लीगच्या २००४ मधील अंतिम सामन्यात पोर्तो आणि मोनॅको समोरासमोर आले, तेव्हा दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांच्या वाटचालीत जमीन-अस्मानाचा फरक होता. मोनॅकोचे दिदिए देशाँ हे १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्सचे कर्णधार, तर पोर्तोचे जोसे मोरिन्यो हे खेळाडू म्हणून नाव घ्यावे असे काहीही न केलेले आणि मोठ्या क्लबच्या दारातून आत शिरले तेही इंग्लिश प्रशिक्षक बॉबी रॉब्सन यांचे दुभाषे म्हणून. सामना पोर्तोने ३-० असा जिंकला.

एका सामन्यावरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळते. पण अशी माणसे थोडी नाहीत. आरिगो साकी वडिलांच्या व्यवसायात बूट विकत होते आणि त्यांच्याच हाताखाली इटलीतील मिलान या फुटबॉल क्लबने १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपीय चषक जिंकले. क्रिकेटमध्ये जॉन बुकनन केवळ सात प्रथम श्रेणी सामने खेळले होते, तरी २००३ आणि २००७ चे विश्वचषक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक तेच होते. रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, आणि त्यांच्या शिष्यांची यादी येथे देण्याची गरज नाही. कोल्म ओकॉनेल यांचे उदाहरण तर मला सर्वांत विलक्षण वाटते. हे आयरिश धर्मबंधू १९७६ मध्ये केनियातील इटेन येथे भूगोल शिकवायला गेले; धावण्याच्या शास्त्राशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. पुढे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावणारा डेव्हिड रुडिशा त्यांच्याच हाताखाली घडला.

असे का होत असावे, यावर माझे मत असे आहे. ज्याला एखादे कौशल्य आठव्या-नवव्या वर्षी अंगवळणी पडले, त्याला ते कसे जमले हे आठवत नाही, कारण मधल्या पायऱ्या त्याच्या लेखी उरलेल्याच नसतात. ज्याला ते कधीच सहज जमले नाही, त्याला प्रत्येक पायरी मोजावी लागलेली असते. म्हणून मोठ्या खेळाडूला निवृत्तीनंतर थेट मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसवण्याची पद्धत बंद व्हावी, आणि पदाच्या जाहिरातीत अमुक स्तरावर खेळलेला असण्याची जी अट असते ती काढून टाकावी, असे मला वाटते.

शेवटचे वळण

साफ असहमत. आपण निवडलेली उदाहरणे सोयीची आहेत. ज्या देशाँ यांना आपण पहिल्याच परिच्छेदात हरवले, त्यांनीच २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकला, हे सांगायचे आपण कसे विसरलात? खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकणारी माणसे तीन: मारिओ झागालो, फ्रान्झ बेकेनबाउअर आणि देशाँ. त्यांपैकी बेकेनबाउअर यांना १९८४ मध्ये पश्चिम जर्मनीचा संघ सोपवला तेव्हा त्यांच्याजवळ प्रशिक्षकाचा परवानाही नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी पदाचे नावच बदलावे लागले. त्यांचा संघ १९८६ मध्ये अंतिम सामन्यात पोहोचला आणि १९९० मध्ये विश्वविजेता झाला. बास्केटबॉलमध्ये महान खेळाडू बिल रसेल यांनी बॉस्टन सेल्टिक्सला १९६८ आणि १९६९ अशी दोन विजेतेपदे प्रशिक्षक या नात्याने मिळवून दिली.

मी स्वतः चारशे मीटर धावत असे. या शर्यतीत शेवटच्या ऐंशी मीटरला पाय आपले राहत नाहीत, मान मागे जाते, खांदे कानांपर्यंत चढतात आणि आपण वेग वाढवतो आहोत असे वाटत असताना प्रत्यक्षात तो कमी होत असतो. माझे पहिले प्रशिक्षक अभ्यासू होते, पण ते स्वतः कधी ही शर्यत धावले नव्हते. ते त्या ऐंशी मीटरला कुंपणाबाहेरून ‘खांदे सैल सोड’ म्हणून ओरडत असत. दुसऱ्या प्रशिक्षिका स्वतः या शर्यतीत धावलेल्या होत्या. त्यांनी मला सांगितले की तेथे कोणाचे काही ऐकू येत नाही, तेव्हा खांद्यांचा विचार दोनशे मीटरच्या खुणेजवळ, डोके शाबूत असतानाच करायचा. ही गोष्ट त्यांना कोणत्या पुस्तकातून कळली असती?

आणखी एक मुद्दा कोणी बोलत नाही म्हणून मांडते. खेळाडूचे आयुष्य तिशीच्या आसपास संपते. शिक्षण अर्धवट राहिलेले असते, नोकरीचा अनुभव शून्य असतो, गुडघे किंवा पाठ गेलेली असते. ज्या एका गोष्टीसाठी त्याने सगळे सोडले, त्याच गोष्टीशी संबंधित पदांवर त्याला पहिला हक्क नसेल, तर कोणत्या तोंडाने आपण पुढच्या मुलांना खेळाकडे वळा म्हणायचे?

सीमारेषेपलीकडून

देशाँ यांच्याबाबतीत चूक मान्य आहे. ती माझ्या सोयीचीच होती. मात्र रसेल यांचे उदाहरण मी स्वीकारणार नाही. ते त्या वेळी स्वतः मैदानात खेळतही होते, म्हणजे प्रशिक्षक रसेल यांना खेळाडू रसेल लाभले होते; असे भाग्य किती प्रशिक्षकांच्या वाट्याला येते? बास्केटबॉलमधलेच दुसरे महान खेळाडू मॅजिक जॉन्सन यांना ते लाभले नाही. त्यांनी १९९४ मध्ये लेकर्स या संघाचे सोळा सामन्यांत मार्गदर्शन केले, त्यांपैकी पाच जिंकले आणि ते बाजूला झाले. वेन ग्रेट्स्की हे बर्फावरील हॉकीतील बहुधा सर्वश्रेष्ठ खेळाडू. २००५ ते २००९ या चार हंगामांत त्यांचा फीनिक्सचा संघ एकदाही बाद फेरीपर्यंत गेला नाही.

उपजीविकेचा आपला प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर मिळायलाच हवे, पण प्रशिक्षकपद हे त्याचे उत्तर नव्हे. निवृत्त खेळाडूचे निवृत्तिवेतन बारा वर्षांच्या मुलांनी आपल्या उमेदीच्या वर्षांतून का चुकवावे?

आकडेमोड

दोघांनाही एकच सांगतो. अपयशी झालेल्या महान खेळाडूंची नावे आपल्याला पाठ असतात, कारण ती आधीपासूनच महान असतात. नाव नसलेला प्रशिक्षक अपयशी ठरला तर तो कोणाच्या लक्षातही राहत नाही. त्यामुळे ‘साकी यशस्वी, ग्रेट्स्की अयशस्वी’ अशा तुलनेतून काहीही सिद्ध होत नाही. बुकनन यांच्याबाबतीत म्हणाल, तर शेन वॉर्नने त्यांच्या पद्धतींवर उघडपणे टीका केली होती, आणि वॉर्न, मॅग्रा, गिलख्रिस्ट व पाँटिंग एकाच संघात असताना श्रेय नेमके कोणाचे, हा वाद तेव्हाही मिटला नव्हता.

पांढरी टोपी

मी पंच आहे, त्यामुळे थोड्या बाजूच्या गल्लीतून बोलतो, पण मुद्दा तोच आहे. आमच्या क्षेत्रातही ‘वरच्या स्तरावर खेळला नाही त्याला काय कळणार’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. श्रीनिवास वेंकटराघवन ५७ कसोटी सामने खेळले आणि पुढे ७३ कसोटी सामन्यांत पंच म्हणून उभे राहिले. फिरकी गोलंदाजाच्या डोक्यात काय चालले आहे हे त्यांना अनुभवाने कळत असणार, यात शंका नाही. दुसऱ्या टोकाला सायमन टॉफेल. पाठीच्या दुखापतीमुळे त्यांची वेगवान गोलंदाजी तरुणपणीच सुटली, प्रथम श्रेणीचा एकही सामना त्यांच्या नावावर नाही, आणि तरीही २००४ ते २००८ अशी सलग पाच वर्षे जगातील सर्वोत्तम पंचाचा मान त्यांना मिळाला.

खेळलेले असण्याचा उपयोग होतो, पण तो लोकांना वाटतो त्या जागी होत नाही. पायचीतच्या निर्णयासाठी मी आधी गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेच्या आत पडला का ते पाहतो आणि लगेच नजर उचलून समोरच्या टप्प्यावर नेतो. या दोन्हींच्या मध्ये मिळणारा वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतकाही नसतो. ही सवय मला फलंदाज म्हणून कधीच लागली नव्हती. उलट ती मोडावी लागली, कारण फलंदाजाची नजर चेंडूवरून हटत नाही. पहिले दोन हंगाम मी पुढच्या पायाकडे पाहायचेच विसरत होतो आणि वरिष्ठ पंच चहापानाच्या वेळी मला शांतपणे ऐकवत असत.

कुमार धर्मसेना यांनी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळाडू म्हणून १९९६ मध्ये आणि पंच म्हणून २०१५ मध्ये अनुभवला. हे दोन्ही करणारे ते पहिलेच. पण २०१९ च्या अंतिम सामन्यात क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेला तेव्हा पाचऐवजी सहा धावा दिल्या गेल्या, आणि ती चूक त्यांनी नंतर मोकळेपणाने मान्य केली. तेथे खेळाडूपणाचा काय उपयोग होता? चेंडू फेकला गेला त्या क्षणी दोघे फलंदाज एकमेकांना ओलांडून गेले होते का, ही केवळ पंचाने पाहायची गोष्ट आहे. कोणताही खेळाडू त्या क्षणी चेंडूकडेच पाहतो. माझे म्हणणे एवढेच की हा दुसरा धंदा आहे आणि त्याची उमेदवारी पहिलीपासून करावी लागते, मग आधी तुम्ही कोणी का असेना.

शेवटचे वळण

पांढरी टोपी, आपले म्हणणे पटण्यासारखे आहे, पण पंचाला कोणाचा विश्वास संपादन करावा लागत नाही. नियम त्याच्या पाठीशी असतात. प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी पंचवीस संशयी डोळ्यांच्या जोड्यांसमोर उभे राहावे लागते. तेथे नाव असलेल्या माणसाला निदान सहा महिने मिळतात.

बॅकहँड

उशिरा लिहितो आहे. मी चौदा वर्षे स्पर्धात्मक बॅडमिंटन खेळलो आणि आता मुलांना शिकवतो, तेव्हा अटीच्या बाजूने बोलावे अशीच माझ्याकडून अपेक्षा असेल.

आमच्याकडे एका मुलाचा बॅकहँड क्लिअर, म्हणजे हाताच्या उलट्या बाजूने शटल उंचावरून मागच्या रेषेपर्यंत पाठवण्याचा फटका, कोर्टच्या मध्यावरच पडत असे. मी त्याला सहा आठवडे ‘मनगट मार, मनगट मार’ असे सांगत राहिलो, स्वतः मारून दाखवत राहिलो, आणि माझे शटल मागच्या रेषेवर पडलेले पाहून तो अधिकच खचत गेला. माझा एक सहकारी बाजूला बसून टोपलीतील शटल एकामागून एक टाकण्याचे काम करत असे. त्याने कधी साधी जिल्हा स्पर्धाही खेळलेली नव्हती. एक दिवस त्याने टाकणे थांबवले, मुलाचा हात धरला आणि अंगठा दाखवला. शटल अंगाच्या मागे गेलेले असतानाही मुलाचा अंगठा रॅकेटच्या मुठीच्या रुंद, सपाट बाजूवर दाबलेला होता. त्या पकडीत मनगट वळायला जागाच उरत नाही. सहकाऱ्याने तो अंगठा शेजारच्या अरुंद कडेवर सरकवला आणि पकड सैल करायला लावली. त्या दिवशी विसांपैकी सात-आठ शटल मागच्या रेषेपर्यंत गेली. माझा अंगठा लहानपणापासून तेथे आपोआप सरकतो, म्हणून तो सरकतो हेच मला ठाऊक नव्हते.

शेवटचे वळण यांच्यासाठी हेही सांगतो की तोच मुलगा पहिल्या मोठ्या सामन्याआधी थरथरत होता, तेव्हा माझा सहकारी गप्प झाला होता. पहिले पाच गुण जिंकायचेच नाहीत, फक्त शटल लांब ठेवायचे आणि श्वास जागेवर येऊ द्यायचा, हे मी सांगू शकलो, कारण ती थरथर मी कित्येकदा अनुभवली होती. म्हणून दोघे हवेत. पण धाग्याचा प्रश्न अटीबद्दल आहे, आणि अट दोघांपैकी एकालाच दाराबाहेर ठेवते.

सीमारेषेपलीकडून

आपल्या त्या सहकाऱ्याचे पुढे काय झाले?

बॅकहँड

मुख्य प्रशिक्षकाचे पद निघाले तेव्हा जाहिरातीत राज्य स्तरावर प्रतिनिधित्व केलेले असण्याची अट होती, त्यामुळे त्याला अर्जच करता आला नाही. पद मला मिळाले. अर्जासोबत वर्षभराच्या सरावाचा आराखडा जोडायचा होता. तो मी त्याच्याकडून लिहून घेतला होता. तो अजूनही शटलच टाकतो.