मातीच्या वेळी 'रडू नका' सांगणं: हा विश्वास की दडपण?

मलप्रभाकाठ (खानापूर)

दुःखात बुडालेल्या माणसाला गप्प बसवण्यासाठी पवित्र शास्त्र (बायबल) वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. ख्रिस्ती मंडळींनी आणि इतरांनीही यावर बोलावं म्हणून हा धागा काढतेय.

निमित्त असं. आमच्या मंडळीतला (चर्चमधला) एक तरुण गोव्यात कामाला होता. आमच्या भागातले निम्मे पोरगे तिकडेच असतात. शनिवारी घरी येताना कणकुंबी ओलांडून जांबोटीकडे उतरताना गाडी खड्ड्यात गेली, आणि तो जागीच गेला. मागे बायको आणि दोन लहान मुलं. मातीच्या वेळी ती पेटीचं झाकण लावू देईना. पेटीच्या कडेला तिची बोटं इतकी घट्ट होती की नखं पांढरी पडली होती. तेव्हा एक जाणते गृहस्थ म्हणाले, "रडणं म्हणजे देवाच्या इच्छेला आडवं जाणं. प्रभू येशू देवाचा पुत्र असूनही दुःखातून आज्ञापालन शिकला, तूही शीक." तिने पदर तोंडात कोंबला. नंतर घरी जाईपर्यंत तिच्या तोंडून आवाज नाही.

त्यांनी सांगितलेलं वचन इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं आठवं. आता कृपा करून त्याच्या आधीचं सातवं वाचा. तिथे प्रभू मोठ्याने आक्रोश करतोय, अश्रू ढाळत प्रार्थना करतोय. म्हणजे ज्या आज्ञापालनाचा दाखला त्या बाईला दिला, ते रडूनच झालेलं होतं! सातवं गाळून आठवं तेवढं सांगायचं, आणि तेही नवऱ्याच्या पेटीशी उभ्या असलेल्या बाईला?

बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं, जनावरं सगळं गेलं. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते बरोबर होते. मग तोंड उघडलं आणि 'तुझंच काहीतरी चुकलं असणार' सुरू झालं. शेवटी देव कुणावर रागावला? भांडणाऱ्या ईयोबावर नाही, त्याला शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं देव स्वतः म्हणतो.

कॅम्पातले अण्णा (बेळगाव)

ताई, त्या बाईला असं बोलायला नको होतं, यावर दुमत नाही. पण तुमच्या लिहिण्यातून एक गोष्ट निघतेय, ती मला मान्य नाही. आधी दुःखाचा अर्थ लागला पाहिजे, मग माणसाने देवाचं ऐकावं, असा तुमचा कल दिसतो. तसं असेल तर विश्वासाला जागाच उरत नाही. अब्राहामाला मुलाचा बळी द्यायला मोरियाच्या डोंगरावर जायला सांगितलं तेव्हा कारण सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी डोंगर दिसला, तोवर तो चालतच होता.

आणि तुम्ही सातवं वचन काढलंत म्हणून सांगतो, तेही पूर्ण वाचा. प्रभूची प्रार्थना ऐकली गेली असं तिथे लिहिलंय. तरी तो वधस्तंभावर मेलाच की! प्रार्थना ऐकली जाणं म्हणजे संकट टळणं असं आपण धरून बसलोय, तिथेच सगळा घोळ आहे.

माझी बायको अर्धांगवायूने अंथरुणावर आहे. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. गजर लावून उठायचं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, मग दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. हे का झालं ते मी देवाला खूप विचारलंय. उत्तर नाही. पण उत्तर मिळालं असतं तरी दोन वाजता उठावं लागलंच असतं की नाही? आज्ञापालन म्हणजे मला एवढंच कळतं. कारण कळेपर्यंत थांबलो असतो तर तिची पाठ सडली असती.

निपाणीचा (निपाणी)

अण्णा, तुमच्या सेवेपुढे हात जोडतो. पण तुम्ही दिलेलं उदाहरण आणि मोरियाचं उदाहरण एक नाही. बायकोची कूस बदलायची हे सांगायला देवाची वाणी लागत नाही. मोरियावर बापाला पोरगा मारायला सांगितलंय. आज कुणी असं म्हणत निघाला तर आपण पोलीस बोलावू.

माझा प्रश्न साधा आहे. आज्ञा देवाची आहे हे ठरवतो कोण? मी बघितलंय ते असं : नवरा मारतो, आणि मंडळीतले लोक बाईला सांगतात, सोस, ख्रिस्तानेही सोसलं. मारणारा ख्रिस्ताचं काय पाळतोय हे कुणी विचारत नाही. ज्याच्या हातात काठी आहे त्याला कधी आज्ञापालनाचा उपदेश होत नाही.

होमनर्स (टिळकवाडी)

निपाणीच्या भावांनी विचारलं म्हणून माझ्या कामातलं सांगते. एक मावशी, जुना मधुमेह. एका सभेत कुणीतरी सांगितलं की तू बरी झालीस, आता सुई घेशील तर तो अविश्वास. मावशीने इन्सुलिनच्या बाटल्या फ्रिजमधून काढून टाकल्या. मी गेले तेव्हा उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता, खोलीत वास. आणि मावशी मला म्हणते, "सिस्टर, माझा विश्वास कमी पडला काय वो?"

अंगठा काढावा लागला. त्यापेक्षा तो प्रश्न मला जास्त लागला. आजारही तिचा आणि आजार बरा न होण्याचा दोषही तिचाच! अण्णा, हेही आज्ञापालनच म्हणून खपवलं जातं.

कॅम्पातले अण्णा (बेळगाव)

सिस्टर, हे आज्ञापालन नाहीच. सैतानाने प्रभूला मंदिराच्या कंगोऱ्यावर नेलं आणि सांगितलं, उडी टाक, देवदूत झेलतील. प्रभूने नकार दिला, देवाची परीक्षा पाहू नये म्हणाला. औषध फेकायला लावणारा त्या कंगोऱ्यावरचीच भाषा बोलतोय. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलंय, आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, तीनदा विनवूनही निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे?

निपाणीकर, मोरियावर शेवटी मुलगा मारला गेला नाही, एडका दिसला, हात थांबवला गेला. मारणाऱ्या नवऱ्याबद्दल म्हणाल तर पेत्र आणि प्रेषितांनी सरळ सांगितलंय की माणसांपेक्षा देवाचं ऐकावं. त्या बाईने घर सोडलं तर मी तिच्या बाजूने उभा राहीन. पण म्हणून आज्ञापालन हा शब्दच टाकून द्यायचा, हे मला पटत नाही.

शहापूरकर (बेळगाव)

एक आपल्या गावचं नाव या चर्चेत यायला हवं. मराठी लेखक बाबा पदमनजी 1831 साली बेळगावात जन्मले, 1854 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1857 ला त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली, विषय विधवांचे हाल. पुनर्विवाहाचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. 'देवाची इच्छा, सोसा' असं त्या बायकांना सांगून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी हाल लिहून काढले आणि हे माणसांनी केलेलं आहे हे दाखवलं. म्हणून माझं मत धागाकर्तीच्या बाजूने.

कॅम्पातले अण्णा (बेळगाव)

पदमनजींचं नाव काढलंत, बरं वाटलं. पण बाप्तिस्म्यापायी त्यांचे आपले लोक दुरावले, तेही सांगा की. त्यांना खरं वाटलं ते त्यांनी पाळलं आणि त्याची किंमत मोजली. ते माझ्या बाजूनेही साक्ष देतात.

वारकरी (अनगोळ)

मी ख्रिस्ती नाही, पण वाचतोय. आमच्या घरी कुणाला काही झालं की 'भोग आहेत' म्हणतात आणि विषय संपतो. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली. नंतर त्यांनी विठोबाशी जे भांडण मांडलंय ते आम्ही टाळ घेऊन म्हणतो, कुणी त्यांना अभक्त म्हणत नाही. तुमच्याकडे देवाशी भांडायला परवानगी आहे का, एवढंच विचारायचं होतं.

मलप्रभाकाठ (खानापूर)

आहे दादा. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र वाचा. शेवटही अंधारातच होतो, कुठे दिलासा नाही, तरी ती प्रार्थनाच आहे. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी 22 व्या स्तोत्राचा आरंभ आहे, देवा तू मला का सोडलंस.

तुमचं 'भोग' मात्र आमच्यातही शिरलंय. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप याचं की याच्या आईबापाचं? प्रभू म्हणतो, कुणाचंच नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हाही, ते इतरांपेक्षा पापी नव्हते असं त्याने सांगितलं.

अण्णा, याच्याशीच माझा मूळ मुद्दा जोडलेला आहे. तो खड्डा देवाने खणला नव्हता. पावसाळ्याआधी बुजवायचा होता, बुजवला नाही. पेटीशी उभं राहून 'देवाची इच्छा' म्हटलं की ज्याचं ते काम होतं तो सुटतो, आणि दोषी ठरते रडणारी बाई. तिला विधवा वेतनासाठी नाडकचेरीत (इथल्या महसूल कार्यालयात) अर्ज करायचाय, तो कन्नडमधला अर्ज वाचून द्यायला मंडळीतलं कुणी गेलं नाही. मी गेले. उपदेश करायला मात्र पाचजण होते. तुम्ही रात्री दोन वाजता उठता ते आज्ञापालन मी डोक्यावर घेईन. पण ते तुम्ही स्वतः करता, दुसऱ्याला करायला लावत नाही.

निपाणीचा (निपाणी)

ताईंशी सहमत. पण ईयोबाचा शेवट मला कधीच पटला नाही. मेंढरं सात हजार होती ती चौदा हजार झाली, बैल दुप्पट, गाढवं दुप्पट. आणि मुलं? दहा मेली, दहा नवीन झाली. जणू हिशोब मिटला! मेलेली दहा कुठे परत आली?

कॅम्पातले अण्णा (बेळगाव)

यावर आमचे जुने पाळक (पास्टर) सांगायचे ते लिहितो. जनावरं दुप्पट दिली कारण पहिली मेली ती मेलीच. मुलं दुप्पट दिली नाहीत, कारण पहिली दहा देवापाशी आहेतच. दहा आणि दहा वीस होतात. मला हे पटतं.

निपाणीचा (निपाणी)

पोर गेलेल्या आईला हा हिशोब सांगून बघा अण्णा.

नंदगडहून (खानापूर तालुका)

मी कॅथलिक आहे, इथे फक्त वाचत होते. माझा थोरला तापाने गेला. मला तो हिशोब चालतो. किती मुलं असं कुणी विचारलं तर मी दोन सांगते, एक नाही. धाकटा शाळेत जातो, लोक दुसऱ्याचं विचारतात, मग सांगावं लागतं. पण हे माझं मला पुष्कळ काळाने सुचलं, फादरांनी किंवा सिस्टरनी शिकवलेलं नाही. त्याच आठवड्यात कुणी येऊन सांगितलं असतं, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.