मदत हवी आहे: जिंपमध्ये सीएसएमटीची इमारत आभाळापासून वेगळी कशी करू?

नमस्कार मंडळी, जिंप (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) वापरणारं कोणी असेल तर प्लीज बघा जरा. बाबा महिनाअखेरीस रेल्वेतून रिटायर होतायत, सगळी नोकरी सीएसएमटीला गेली, २००४ ला इमारतीचं नाव युनेस्कोच्या यादीत आलं तेव्हा घरी पेढे आणले होते त्यांनी, म्हणून त्यांना तिचाच मोठा प्रिंट फ्रेम करून द्यायचाय, मागे आभाळ नको, नुसता क्रीम रंग. फोटो मीच काढलाय पावसाळ्यात, पण आभाळ पांढुरकं आणि दगड फिकट पिवळा, त्यामुळे फझी सिलेक्ट (सारख्या रंगाचा भाग निवडणारं टूल) वापरताना थ्रेशोल्ड (रंगात किती फरक चालेल ते) वाढवला की आभाळासोबत कळसांची टोकं जातात, कमी केला तर ढगांचे तुकडे राहतात.

भिंती आणि छपराच्या सरळ कडा पाथ टूलने (बिंदू जोडून कडा आखायचं टूल) मस्त निघाल्या. अडलंय ते वर. इमारतीचे आर्किटेक्ट स्टीव्हन्ससाहेबांनी १८८८ पर्यंत दहा वर्षं घालवून एक टोक साधं सोडलेलं नाही, आणि मधल्या घुमटावर तो प्रगतीचा पुतळा, हातात मशाल घेतलेला, त्या वर केलेल्या हाताच्या आणि डोक्याच्या मधून आभाळ दिसतं, झूम केलं की मशाल जेमतेम काही पिक्सेलची. तिथे पाथ काढायचा कसा? शिवाय क्रीम रंगावर सगळीकडे पांढरी किनार दिसते, सिलेक्शन श्रिंक केलं (कड आत ओढली) तर मशालच गायब होते. फोटो दुसरा काढा असं सांगू नका प्लीज, हाच अँगल बाबांच्या आवडीचा आहे.

प्रतिसाद १: ताई, पाथ ठेवा तसाच, फक्त वरच्या भागाला चॅनल (फोटोतला लाल, हिरवा, निळा रंग वेगवेगळा दाखवणारे थर) वापरा. चॅनल्समध्ये जाऊन तिन्ही एकेक करून बघा, पिवळ्या दगडात निळा कमी असतो म्हणून ब्लू चॅनलमध्ये इमारत गडद आणि आभाळ उजळ दिसेल. त्याची डुप्लिकेट काढा, लेव्हल्सने दोन्ही टोकं आत ओढून काळं-पांढरं करा, इमारतीच्या आत राहिलेले पांढरे ठिपके ब्रशने काळे करा आणि लेअर मास्क (नको तो भाग न पुसता लपवणारा पडदा) घालताना चॅनल निवडून इन्व्हर्ट मास्कवर टिक करा. किनार मास्कने पूर्ण जात नाही, कडेच्या पिक्सेलमध्येच आभाळाचा रंग मिसळलेला असतो. तिथे क्लोन टूल 'डार्कन ओन्ली' मोडला (फक्त उजळ पिक्सेल गडद होतात) ठेवून आतल्या दगडाचा रंग कडेवर फिरवा, आकार जराही बदलत नाही.

धागाकर्ती: खूप खूप आभार दादा!! मशाल अख्खी आली, हाताच्या मधलं आभाळ पण गेलं. आता घड्याळाची तबकडी आणि खिडक्या काळ्या करत बसलेय. एकच विचारायचं राहिलं, ३६ इंच रुंद प्रिंटला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागेलच का? माझा फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे.

प्रतिसाद १: म्हणजे १६६ डीपीआयच्या आसपास पडेल. भिंतीवर लावून चार पावलांवरून बघायचाय ना, मग पुरतं. फक्त प्रिंटवाल्याकडून मशालीच्या भागाचा छोटा तुकडा आधी छापून घ्या.