शालिमारजवळचा गाळा नाश्त्यासाठी घ्यावा का? ४ वर्षांत ३ धंदे तिथे बंद पडलेत

नणंदभावजय:
नमस्कार मंडळी. मी नाशकात इंदिरानगरला राहते, मी आणि माझी वहिनी गेली ६ वर्षं डबे देतोय, आता ४५ पर्यंत गेलेत आणि घरच्या ओट्यावर यापुढे मावणार नाहीत. म्हणून नाश्त्याचं छोटं दुकान टाकायचं मनात आहे. पोहे, उपमा, साबुदाणा खिचडी, थालीपीठ आणि चहा, एवढंच. मिसळ करायची नाही, नाशकात मिसळीला तोटा नाही आणि आमचा हात त्यात बसलेलाही नाही.

शालिमारच्या मागे, मेन रोडकडे जाताना एक गाळा बघितलाय. १८० स्क्वेअर फूट, भाडं २४ हजार, डिपॉझिट दीड लाख. आधी तिथे मोबाईल कव्हरवाला होता, मग मोमोज, मग ज्यूस सेंटर, म्हणजे ४ वर्षांत तिघं आले आणि गेले. मालक म्हणतात आजकालची पोरं टिकत नाहीत, मेहनत नको असते. भाऊ म्हणतो गावात, म्हणजे जुन्या नाशकात, आता खायला येतं कोण, सगळं कॉलेज रोड नाहीतर गंगापूर रोडला गेलं. मागच्या आठवड्यात मी धुमाळ पॉईंटपासून रविवार कारंजापर्यंत पायी गेले तर भर दुपारी १४ शटर बंद दिसली, खरंच पोटात कालवलं. माझं माहेर तिवंध्याचं, त्यामुळे जीव तिकडे ओढतो, पण दोघींचं सोनं ठेवून पैसे उभे करायचेत म्हणून नुसत्या ओढीवर जाता येत नाही.

गावात कुणाचं दुकान असेल किंवा आधी हॉटेल चालवलं असेल तर कृपया खरं खरं सांगा.

कॉफीनंतर:
ताई, मी कॉलेज रोडला कॅफे चालवलाय, २०१८ ला उघडला, २०२१ ला बंद केला. म्हणून आधी भावाच्या बोलण्याबद्दल सांगतो. कॉलेज रोडला सगळं गेलं हे खरं आहे पण तिथेही ते टिकत नाही. माझ्या गाळ्यात माझ्यानंतर पिझ्झा आला, मग वॅफल, मग चष्म्याचं दुकान. नवीन बोर्ड लागला की पोरं २ महिने गर्दी करतात, फोटो काढतात आणि पुढच्या नव्या ठिकाणी जातात. पहिल्या २ महिन्यांच्या गर्दीवर मी हिशोब मांडला, तिथेच चुकलो. ८ लाख फर्निचर आणि लाईटिंगमध्ये घातले होते, विकायला काढले तेव्हा सव्वा लाख आले. मशीन तेवढी बऱ्या भावात गेली.

मला नंतर एका जुन्या हॉटेलवाल्या काकांनी सांगितलेला हिशोब तुम्हाला देतो, तो मला आधी मिळाला असता तर बरं झालं असतं. महिन्याचं भाडं जास्तीत जास्त ४ दिवसांच्या गल्ल्यातून निघालं पाहिजे. तुमचे २४ हजार म्हणजे रोजचा गल्ला ६ हजार हवा. ४० रुपये प्लेट धरली तर १५० प्लेटा. सकाळी साडेसात ते साडेअकरा या ४ तासांत म्हणजे तासाला ३७-३८ प्लेटा. दोघी आणि एक हाताखाली माणूस असेल तर हे जमू शकतं, पण बसायला टेबलं टाकलीत तर १८० फुटात नाही जमणार. उभ्याने खायचं काउंटर ठेवा, पार्सल वेगळ्या बाजूने द्या. आणि कृपा करून पीओपी वगैरे काही करू नका.

ॲपवरून ऑर्डर घ्यायच्या असतील तर कमिशन धरून भाव ठरवा, ४० च्या पोह्यात ते बसत नाही.

भांडीबाजार_तिसरी_पिढी:
आमचं भांड्यांचं दुकान आहे, आजोबांपासून, त्यामुळे थोडं लांब लिहितोय.

गावात गिऱ्हाईक नाही असं म्हणणाऱ्यांनी दिवाळीच्या आधी मेन रोडला पाय ठेवून दाखवावा. गिऱ्हाईक आहे, फक्त ते गाडी घेऊन येणारं राहिलं नाही. गाडी लावायला जागा नाही म्हणून फॅमिलीचं जेवण बाहेर गेलं, आणि मिसळीचं तर रविवारच्या सकाळचं आउटिंगच झालं, मोठं अंगण, झाडं, झोपाळे, पन्नास गाड्यांचं पार्किंग, चुलीवरची तर्री, हे बारदान फाटा न् मखमलाबाद रोडला होऊ शकतं, आमच्या गल्लीत नाही. पण गावात पायी फिरणारा माणूस तसाच आहे, लग्नाचा बस्ता, जुन्या सोन्याची मोड, भांडी, होलसेल, देवदर्शन, त्याला १० वाजता भूक लागते आणि त्याला ५ मिनिटात गरम काहीतरी हवं असतं. बुधा हलवाईची जिलेबी बघा, सायंताराचा साबुदाणा वडा बघा, भगवंतरावांच्या दुकानाकडे बघा, एक-दोन पदार्थ, त्यावरच सगळं, आणि लोक लांबून पायी येतात.

मग शटर बंद का, तर आमच्या लायनीतलं सांगतो. २०१६ पासून नोटबंदी, जीएसटी, २०१६ चा पूर, २०१९ चा पूर, मग कोरोना. पूर म्हणजे गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की आम्ही माल वरच्या मजल्यावर चढवायला लागतो, दोन्ही ऑगस्टमध्ये रात्रभर पितळी हंडे डोक्यावर वाहिलेत. मार्च २०२१ मध्ये बाजारात यायला माणशी ५ रुपयांची पावती होती, एक तासात बाहेर पडायचं नाहीतर ५०० दंड, तेव्हा पातेलं घ्यायला आलेली बाई भाव करता करता घड्याळ बघायची. एवढं सगळं झालं तरी ज्यांची जागा स्वतःची आहे किंवा जुनी पागडीची आहे ते बहुतेक अजून उभे आहेत. जे बंद झालेत त्यातल्या निम्म्यांना तरी गिऱ्हाईक होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कुणाचा वाडा धोकादायक म्हणून नोटीस आली, कुणाच्या मालकांच्या चार भावांत वाटणीचा वाद लागला, कुणाची मुलं पुण्याला कंपनीत गेली आणि वडील ७५ चे झाले. १४ शटरमागे १४ कारणं असतात ताई.

म्हणून मालक काय म्हणतात ते सोडा. त्या तिघांना शोधा. ज्यूसवाला कुठेतरी दुसरीकडे गाडी लावत असेलच, शेजारच्या पानवाल्याला विचारलं की सापडेल. आणि भर पावसात एकदा त्या गल्लीत जाऊन पाणी कुठपर्यंत येतं, ड्रेनेज कुठे तुंबतं ते बघा. मधे २ वर्षं रस्ते खोदले तेव्हा आमच्या उंबऱ्यापेक्षा रस्ता वर झाला होता, खाण्याच्या धंद्याला ते परवडणार नाही.

खतावणी:
मी करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते, फक्त कागदाचं सांगते.

लीव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचं असलं तरी महाराष्ट्रात रजिस्टर करावंच लागतं, भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देतो म्हणाले तर नाही म्हणा. ५ वर्षांचं म्हणजे ६० महिन्यांचं करार होतो, मुदत मागा, वाढ किती टक्के ते आताच लिहून घ्या, आणि लॉक-इन (ठराविक काळ करार मोडता न येण्याची अट) दोघांना असू द्या, फक्त तुम्हाला नको.

मालक जीएसटीत असतील तर २४ हजारांवर १८ टक्के म्हणजे ४,३२० रुपये वर लागतील, आणि ५ टक्क्यांत धंदा करणाऱ्या हॉटेलला त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणजे तो सरळ खर्च. मालक जीएसटीत नसतील आणि तुम्ही असाल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो १८ टक्के तुम्हालाच भरावा लागतो, कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या धंद्यांना) जानेवारी २०२५ मध्ये त्यातून सूट मिळाली. वर्षाला २० लाखांच्या आत असाल तर जीएसटी नंबरच लागत नाही, पण वर कॉफीनंतर यांनी काढलेला ६ हजारांचा गल्ला खरंच झाला तर महिन्याचे २६ दिवस धरले तरी वर्षाला पावणेएकोणीस लाख होतात, म्हणजे तुम्ही काठावर आहात. आधीच ठरवून ठेवा.

प्रॉपर्टी कार्डवर (जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) नाव कुणाचं आहे ते बघितलं का? हे सगळ्यात आधी बघा.

जुना_आग्रा_रोड:
मी ३१ वर्षं कोर्टात होतो, आता रिटायर. वर सगळ्यांनी बाजाराचं सांगितलं, पण सीबीएस (मध्यवर्ती एसटी स्टँड), कोर्ट, कलेक्टर ऑफिस हे सगळं तिथेच हाकेच्या अंतरावर आहे हे विसरू नका. सुरगाणा, पेठ, कळवण इकडून पहिल्या एसटीने निघालेला पक्षकार ९ वाजता सीबीएसला उतरतो आणि ११ पर्यंत त्याला काही काम नसतं. त्याला आम्ही कायम पोहे-चहा पाजलाय. मात्र सुट्ट्यांत तिथे शुकशुकाट, मे महिना आणि दिवाळीनंतरचे दिवस धरू नका. बाजाराची गर्दी नेमकी तेव्हा असते, त्यामुळे दोन्हीच्या मध्ये जागा मिळाली तर चांगलं. तुमचा गाळा त्या दृष्टीने बरा वाटतो.

वहिनींना नमस्कार सांगा, दोघींनी मिळून काढताय हे वाचून फार बरं वाटलं.

नणंदभावजय:
सगळ्यांचे मनापासून आभार. ८ दिवस फिरले, आता सांगते.

पानवाल्या दादांनी ज्यूसवाला शोधून दिला, तो आता इथल्याच द्वारका चौकाकडे गाडी लावतो. त्याने सांगितलं की धंदा रोज साडेचार-पाच हजारांचा होत होता, कधी कमी नाही. पण ७व्या महिन्यात मालकांच्या पुतण्याचं वकिलामार्फत पत्र आलं की भाडं आम्हालाही द्या नाहीतर जागा खाली करा. मोमोजवाल्यालाही तेच पत्र आलं होतं. खतावणीताई, तुमचं वाचून प्रॉपर्टी कार्ड काढलं, त्यावर ५ नावं आहेत आणि भाडं घेणारे एकच. मालकांना विचारलं तर म्हणाले ते आमचं घरचं आहे, तुम्ही लक्ष देऊ नका. मी म्हटलं पाचही जणांच्या सह्या द्या, २४ काय २५ हजार देते. नाही म्हणाले. वर म्हणाले ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण झालं की हाच गाळा ४० ला जाईल.

वहिनी रडली हो, तिने भिंतीचा रंगसुद्धा ठरवला होता. मला मात्र त्या तिन्ही पोरांचं वाईट वाटलं, मेहनत नको म्हणून गेले असं मी पण धरून चालले होते.

सिंहस्थात खरंच एवढा धंदा होतो का, कुणी २०१५ ला गावात होतं का?

भांडीबाजार_तिसरी_पिढी:
ताई, सोडलंत ते उत्तम केलंत, सोनं वाचलं.

२०१५ ला मी दुकानात होतो. पहिल्या पर्वणीला (शाही स्नानाच्या दिवशी), २९ ऑगस्टला, बॅरिकेडिंग एवढं होतं की नाशिककरसुद्धा घरातून निघाले नाहीत, आम्ही दुकान उघडून रिकाम्या गल्लीकडे बघत बसलो. पुढच्या पर्वणीला बरं होतं. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मोठी स्नानं आहेत, धंदा होईल, पण त्या ५-७ दिवसांवर ४० हजार भाडं धरून कुणी सही करू नये.

एक सुचवू का. आमचं दुकान साडेदहाला उघडतं. बाहेर १० फुटांचा ओटा आहे आमच्याच मालकीचा, आत नळ आहे, मोरी आहे. जागा वडिलांच्या एकट्याच्या नावावर, कार्ड दाखवतो. सकाळी ६ ते १० तुम्ही चालवा, साडेदहाच्या आत धुऊन द्या. भाडं महिन्याला ५ हजार, वडिलांशी बोललोय, ते म्हणाले पोह्यांवर शेव घालणार असतील तर लगेच या. सगळं रजिस्टर करू, खतावणीताई म्हणतात तसं. फक्त पुराचं मी वर लिहिलंय ते खरं आहे, पावसाळ्यात २-४ दिवस बुडतील, आणि रंगपंचमीला दहीपूल-तिवंध्याच्या रहाडी (रंगाने भरलेले मोठे हौद) असतात तेव्हा आमची गल्ली बंदच असते, ते तिवंध्याच्या मुलीला मी काय सांगणार. शालिमारएवढी कोर्टाची माणसं इकडे येणार नाहीत, पण बाजाराचे हमाल, दुकानातली पोरं आणि गंगेवरून (गोदावरीच्या घाटावरून) परत येणारे भाविक सकाळी इथूनच जातात.

नणंदभावजय:
दादा, काय बोलू. भाडं ४ दिवसांच्या गल्ल्याचं गणित लगेच मांडलं, रोज १,२५० म्हणजे ३२ प्लेटा, तेवढे तर आमचे डबेच आहेत. आम्ही दोघी उद्या सकाळी ६ वाजताच येतो, त्या वेळी गल्लीत किती माणसं जातात ते मोजायचंय. सिलिंडर आत ठेवता येईल का आणि एक्झॉस्ट लागेल का तेवढं सांगा. बाबांसाठी शेव घरचीच आणते.

भांडीबाजार_तिसरी_पिढी:
सिलिंडर ओट्याच्या टोकाला बाहेर, जाळीत, आत पितळेचा आणि पुठ्ठ्यांचा माल आहे म्हणून आत नको. उघडा ओटा आहे, एक्झॉस्ट नाही लागणार. या, मी पावणेसहाला शटर उघडून ठेवतो.