“आमच्याकडे पण!” – परदेशी माणसांशी रंगलेल्या अभिमानाच्या गप्पा इथे सांगा

चिंचगूळ

मंडळी, गेल्या महिन्यात लिस्बनच्या भाजीबाजारात उभी होते. भाजीवाले आजोबा सत्तरीच्या पुढचे, त्यांची शाळकरी नात दुभाषी. मी भारतातली आहे हे कळल्यावर आजोबा एकेक जिन्नस उचलून नाव सांगू लागले. बताता! मी म्हटलं, बटाटा. कोव! कोबी. अनानाश! अननस. मग मी पुढाकार घेतला. पपई, काजू, बादली, घमेलं, चावी, पगार. नातीला भाषांतर करून सांगावंच लागेना, आजोबांना शब्द थेट कळत होते. ते छाती फुगवून म्हणाले, “सगळे आमचे!”

मीही मागे हटणार नव्हते. “शब्द तुमचे खरे. बटाटा तुम्ही आणलात, मिरची तुम्ही आणलीत, पावसुद्धा तुमचाच. पण त्या तिघांचा वडापाव आम्ही केला.” फोनवर फोटो दाखवला. त्यांनी तो आजूबाजूच्या तीन दुकानदारांना दाखवला. मग हापूस निघाला. आफोंसो या नावावरून तो शब्द आला, हे मी सांगितलं तेव्हा आजोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “नाव तुमचं, माती कोकणची,” असा तह करून आम्ही हात मिळवले. निघताना त्यांनी ओंजळभर चेरी पिशवीत टाकल्या, पैसे घेतले नाहीत.

त्या दिवसापासून वाटतंय, असे किस्से तुमच्याकडेही असणार. ‘आमचं भारी’ म्हणत सुरू झालेलं आणि ‘आमच्याकडे पण!’वर येऊन थांबलेलं बोलणं. देश कुठलाही चालेल. हमरीतुमरी नको, कौतुक हवं.

तांबडा_पांढरा

ताई, धागा एक नंबर. मी कोल्हापूरचा. माझ्या आजीचं माहेर वळिवडे. १९४३ ते १९४८ तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका नि पोरं. सैबेरियातनं सुटून, इराणमार्गे इथवर आलेली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. आजी लहानपणी तिच्या आईबरोबर तिथं दूध घालायला जायची.

काही वर्षांमागं महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकापाशी एक म्हातारी बाई नातवाबरोबर उभी दिसली. मी विचारलं, कुठून आलात? नातू म्हणाला, “ही इथलीच आहे.” छावणीत वाढलेली! तिनं मला एक, दोन, तीन असं दहापर्यंत म्हणून दाखवलं. सहाला थांबली, आठवलं, पुढं गेली. दोघांना घरी घेऊन आलो.

त्या दिवशी आईच्या उकडीच्या करंज्या चालल्या होत्या. बाईंनी ताटात बघितलं नि म्हणाल्या, “पिएरोगी!” त्यांच्याकडं मैद्याची पारी करून आत बटाटा नि चीज, नाहीतर बोरांसारखी फळं भरतात नि पाण्यात उकळतात. आई म्हणाली, ही करंजी, पिएरोगी कसली! बाई हसल्या, हात धुतले, आईशेजारी पाटावर बसल्या नि कडेला मुरड घालून दाखवली. आईनं ती करंजी हातात घेऊन उजेडात धरली. “मुरड माझ्यापेक्षा बारीक आहे हिची,” म्हणाली. माझ्या आईच्या तोंडून दुसऱ्या कुणाच्या मुरडीचं कौतुक मी तेवढं एकदाच ऐकलंय.

नातू अभिमानानं सांगत होता, वॉर्सातही कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे. आम्ही त्याला तांबडा रस्सा पाजला. त्यानं दोनदा मागून घेतला.

रानवारा

वाचून अंगावर काटा आला. ती छावणी म्हणजे आत्ताचं गांधीनगर का हो, दादा?

तांबडा_पांढरा

होय, तीच जागा. फाळणीनंतर तिथं सिंधी कुटुंबं आली. आता कापडाची मोठी बाजारपेठ आहे. घरोघरचा लग्नाचा बस्ता तिथंच होतो.

शेंगाचटणी

मी सोलापूरचा, त्यामुळे माझा किस्सा कुणाचा असणार हे ओळखलंच असेल. कामासाठी दोन महिने चीनमध्ये शिजियाझुआंगला होतो. कारखान्याच्या खानावळीत एक वयस्कर बाई वाढायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाषांतराचं ॲप पुढे धरून विचारलं, भारतात कुठे? मी सोलापूर सांगितलं. बाईंना गाव कळेना. मग मी डॉक्टर कोटणीसांचा फोटो काढून दाखवला. बाईंनी हातातला डाव खाली ठेवला. “के दिहुआ!”

हे कोटणीसांचं चिनी नाव. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यातले आमचे द्वारकानाथ तिथेच राहिले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. मुलाचं नाव ठेवलं होतं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. हे सगळं मला सोलापुरात शाळेत शिकवलेलं, आणि ती बाई मला तेच सगळं तिच्या भाषेत सांगत होती. रविवारी त्या बाईंच्या मुलानं मला कोटणीसांच्या समाधीवर नेलं. तिथे कुणीतरी ताजी फुलं ठेवलेली होती. मी भेट म्हणून वेगळं काही नेलं नव्हतं, म्हणून खोलीवरची सोलापुरी चादर त्या बाईंना दिली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात व्हिनेगरमधले शेंगदाणे जास्तीचे पडू लागले. मीही शेंगाचटणीचा डबा उघडला. दोन्हीकडचे शेंगदाणे एका ताटात घेऊन कोणते सरस यावर अख्खी खानावळ बोलत होती. आणि हो, थंड पाण्याची बाटली उघडली की त्या बाई ती काढून घेऊन गरम पाणी द्यायच्या. हुबेहूब माझी आजी!

झाकरी

नमस्कार. मी मॉरिशसची मराठी. आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर कामाला आले. घरी आम्ही क्रेओल बोलतो, मराठी मी शाळेत शिकले. चुकलं तर सांगा, मला आवडेल. गणेश चतुर्थीला आमच्या देशात सार्वजनिक सुटी असते, हे मी भारतात सगळ्यांना सांगत असते!

रत्नागिरीजवळच्या एका गावात पाहुणी म्हणून राहिले होते. रात्री मंडळींनी जाखडी नाचून दाखवली. मी ओरडलेच, “ही तर आमची झाकरी!” त्यांनी मला फेरात ओढलं. पावलं जुळली. कोणीही शिकवलं नव्हतं, तरी जुळली. मला रडू आलं, आणि घरच्या काकूंनाही.

पण दुसऱ्या दिवशी आमचं भांडण झालं, गोड भांडण. काकूंनी पुरणपोळी केली. मी म्हटलं, आमची डोलपुरी जास्त छान. ती तिखटामिठाची असते, रस्त्यावर मिळते, आणि नेहमी दोन-दोनची जोडीच देतात, आत रस्सा आणि चटणी घालून, गुंडाळी करून. काकू म्हणाल्या, “पुरणात मीठ? आणि तेही रस्त्यात उभं राहून खायचं?” मग मी त्यांच्याच चुलीवर करून दाखवली. काकूंनी जोडी संपवली आणि म्हणाल्या, “हे आमचंच होतं, तुम्ही समुद्रापलीकडे नेऊन वेगळं केलंत.” मी म्हटलं, आता ते आमचंच आहे. दोघीही खूश.

सिंहगडरोड

झाकरीताई, तुमचं मराठी फार सुंदर आहे, काही चुकलेलं नाही.

माझा छोटाच. आमच्या जपानीच्या सेन्सेईंना आम्ही पु. ल. देशपांडे उद्यान दाखवायला नेलं. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते केलेलं आहे, म्हणून आमची केवढी ऐट! सेन्सेई पुलावर थांबून बराच वेळ पाणी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्ही आमची बाग आणलीत, आम्ही तुमचा मोदक नेलाय. क्योतोत कांगितेन म्हणजे आपल्या गणपतीसाठी एक मिठाई करतात, तोंड चुरगळून बांधलेल्या पुरचुंडीसारखी, आत गोड सारण, तिळाच्या तेलात तळलेली. तोक्योत आसाकुसाच्या एका देवळात त्याला चक्क मुळा वाहतात. बाप्पाला मुळा! पुढच्या गणपतीत आम्ही सेन्सेईंना बोलावलं. त्या मोदक शिकल्या. आणि येताना, न सांगता, एक पांढराशुभ्र मुळा घेऊन आल्या. आईनं तो दूर्वांशेजारी ठेवला.

तांबडा_पांढरा

मुळा वाचून आई लई खूश झाली. झाकरीताई, ती डोलपुरीची कृती द्या की.

झाकरी

देते. पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून शिजवा, पण बोटांनी दाबली तर फुटेल इतकीच, गाळ नको. पाणी निथळून बाजूला ठेवा, मैदा त्यातच भिजवायचा. डाळ कोरडी वाटून भाजलेलं जिरं आणि मीठ घाला. पारीत भरून अगदी पातळ लाटा, तव्यावर तेलाचा हात फिरवून भाजा. आणि वाढताना एक वाढू नका. दोन.